बहिणीच्या बाळाचा रिपोर्ट ४७ गुणसूत्रं आलाय, सगळे माहेरच्या रक्ताला दोष देताहेत. खरंच आमच्याकडून गेलं का?

पारोळ्याचा_मामा

राम राम मंडळी. माझी लहान बहीण धुळ्याला दिलीय, आत्याच्याच घरी, म्हणजे मेहुणा हा माझा सख्खा आतेभाऊ. तिचं वय २६. पहिला पोरगा एकदम ठणठणीत, आता बालवाडीत जातो. दुसरी मुलगी झाली तर डोळे थोडे तिरपे, अंग ढिलं, दूध ओढायला त्रास, म्हणून लहान मुलांच्या डॉक्टरांनी लगेच शंका काढली आणि रक्त बाहेर तपासायला पाठवलं. बरेच दिवसांनी रिपोर्ट आला, त्यात लिहिलंय ४७, एक्स एक्स, अधिक २१. वीस पेशी मोजल्या, वीसही तशाच. डाऊन सिंड्रोम म्हणाले.

आता घरात काय चाललंय ते सांगतो. आत्या म्हणते आमच्या घराण्यात असं कधी कोणाला नव्हतं, हे सुनेच्या माहेरून आलं. गल्लीतल्या बाया म्हणतात नात्यात पोरगी दिली म्हणून झालं. मेहुणा गप्प. बहिणीला एकटीला तपासणीला न्यायचं म्हणताहेत, आणि डॉक्टर मात्र म्हणाले की आईबापाच्या तपासणीची तशी गरज नाही. गरज कशी नाही हेच मला कळत नाही, रोग जर गुणसूत्रातून आलाय तर कुठून तरी आला असेलच ना, आईकडून नाहीतर बापाकडून. आणि नेटवर जिकडेतिकडे लिहिलंय की आईचं वय ३५ च्या वर गेलं की होतं, ही तर २६ ची.

दुसरं म्हणजे माझी स्वतःची सोयरीक जुळत आलीय चोपड्याकडची. साखरपुड्याची तारीख काढायची तेवढ्यात त्यांच्या कानावर हे गेलं आणि निरोप आला की मुलाची तपासणी करून घ्या मग पुढचं बोलू. करू का? कोणती करू? बहिणीला पुढे अजून मूल हवं असेल तर काय? दवाखान्यात एवढी गर्दी होती की विचारायला तोंडच उघडलं नाही कोणाचं. जरा साध्या भाषेत सांगा.

लॅबमधली_ताई

भाऊ, आधी मुलगी झाल्याबद्दल अभिनंदन. तुमच्या बहिणीला हे अजून कोणी म्हटलं नसणार म्हणून मी म्हणते, तिला पोचवा.

मी मूळची यावलची, गुणसूत्रांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर नाही, पण हेच रिपोर्ट रोज हाताखालून जातात. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय आणि त्याचं कारण त्या एका ओळीतच आहे. आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे २३ जोड्या. जोडीतलं एक आईचं एक बापाचं. बाळाच्या पेशीत २१ नंबरची दोन हवीत तिथे तीन सुटी सुटी आहेत, म्हणून ४७. यातला 'सुटी' हा भाग महत्त्वाचा, त्याच्याकडे नंतर येते.

शरीर वाढतं तेव्हा पेशी दोन होतात, त्यात ४६ ची नक्कल होऊन दोन्हीकडे ४६-४६ जातात. ते साधं विभाजन. पण स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना वेगळं होतं, त्याला अर्धसूत्री विभाजन म्हणतात. तिथे ४६ चे २३ करायचे असतात, नाहीतर दर पिढीला आकडा दुप्पट होत गेला असता. त्यासाठी आधी जोड्या जोड्या शेजारी येतात, एकमेकांशी थोडे तुकडे बदलतात, आणि मग वेगळ्या होऊन एक इकडे एक तिकडे जातं. कोणतं कुठे जाईल याला काही नियम नाही. नुसत्या या वाटपाने एका माणसाकडून ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकारची बीजं होऊ शकतात, तुकड्यांची अदलाबदल तर यात धरलेलीच नाही. आईबाप मिळून हिशोब सत्तर लाख कोटीच्या वर जातो. म्हणून एकाच घरातली सख्खी भावंडं इतकी वेगळी निघतात, आणि म्हणूनच 'घराण्याचं रक्त' असं एकसारखं काही खाली उतरत नाही, दर बाळाला नवीन वाटप असतं.

आता कधी कधी काय होतं की ही जोडी सुटतच नाही. गाडीचं जू निघालंच नाही तर दोन्ही बैल एकाच बाजूला जाणार, तसं. मग एका बीजात २१ नंबरचे दोन जातात, समोरच्याकडून एक येतो, झाले तीन. हे त्या एका बीजापुरतं घडतं. आईच्या बाकीच्या शरीरात ४६ च, बापाच्याही ४६ च. म्हणून दोघांची रक्ततपासणी केली तरी सर्वसाधारणपणे नॉर्मलच येणार, आणि म्हणूनच डॉक्टर गरज नाही म्हणाले. साधारण ९५ टक्के डाऊनची मुलं याच प्रकारातली असतात.

उरलेल्यांत ३-४ टक्के असे असतात की जास्तीचा २१ हा दुसऱ्या गुणसूत्राला, बहुतेकदा १४ नंबरला चिकटलेला असतो. तिथे बाळाच्या रिपोर्टात आकडा ४६ च दिसतो पण पुढे लांबलचक लिहिलेलं असतं. तसं आलं की मात्र आईबाप दोघांची तपासणी करायलाच लागते, कारण एखाद्याकडे तो जोड आधीपासून असू शकतो. अशा माणसाची गुणसूत्रं मोजली तर ४५ भरतात आणि तो स्वतः पूर्ण धडधाकट असतो, त्याला पत्ताच नसतो. तुमच्या रिपोर्टात तिन्ही सुटे आहेत म्हणून तो विषय इथे संपला. राहिलेले एक-दोन टक्के मोझॅक, म्हणजे काही पेशी ४६ च्या काही ४७ च्या, तेही तुमच्याकडे नाही कारण वीसच्या वीस ४७ आल्यात.

रिपोर्टला वेळ का लागतो तेही सांगते, लोक आमच्यावर फार चिडतात. गुणसूत्रं एरवी दिसतच नाहीत, पेशी विभागायला निघाली की तेव्हाच गोळा होऊन दिसतात. त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी ३७ डिग्रीला तीन दिवस वाढवाव्या लागतात, त्यांना विभागायला लावणारं द्रव्य राजम्यापासून काढलेलं असतं. मग ऐन विभाजनात त्यांना थांबवायचं, ते कोल्चिसिनच्या जातीच्या औषधाने. कोल्चिसिन म्हणजे आपल्या सातपुड्यात पावसाळ्यात लालपिवळी फुलं येतात ना ती कळलावी, तिच्या कंदात आणि बियांत असतं ते विष. मग रंगवून, फोटो काढून, एकेक जोडी हाताने जुळवायची. हे सगळं जिवंत पेशींवर चालतं त्यामुळे रक्त वाटेत उन्हात तापलं की नमुना गेला. मे महिन्यात आपल्याकडून येणारे नमुने बघून मला धडकी भरते.

बाप्पा_मोरया_भुसावळ

ताईंनी चांगलं सांगितलं पण गरोदरपणात ग्रहण होतं का ते पण विचारा एकदा. आमच्या शेजारी असंच झालं होतं, ग्रहणात भाजी चिरली होती.

लॅबमधली_ताई

दादा, जोडी न सुटणं हे बीज तयार होताना झालेलं असतं. म्हणजे दिवस राहिले त्या क्षणीच बाळाचे ४७ ठरून गेलेले. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत ग्रहण बघितलं, पपई खाल्ली, गाडीवरून खड्ड्यात आदळली, काहीही केलं तरी ४६ चे ४७ होत नाहीत. कृपा करून हे त्या बाईच्या कानावर घालू नका, ती आधीच रोज आठवत बसली असेल की आपलं काय चुकलं.

सातपुडा_वारी

मी धडगाव-अक्कलकुवा भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कामात आहे बरीच वर्षं, म्हणून नात्यातल्या लग्नावर बोलतो. मामाभाऊ, इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय.

सिकलसेलमध्ये गुणसूत्रांची संख्या बरोबर ४६ असते. ताईंच्या लॅबमध्ये सिकलसेलच्या पेशंटचं रक्त पाठवलं तर ते नॉर्मल म्हणून रिपोर्ट देतील, कारण बिघाड ११ नंबरच्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या, म्हणजे त्यावर लिहिलेल्या एका सूचनेतल्या, एका अक्षराचा, तो मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. असं एक बिघडलेलं जनुक असलं तर माणूस वाहक, त्याला त्रास नाही. आईबाप दोघे वाहक असले तर प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका. नात्यात लग्न केलं की दोघांकडे एकाच आजोबांकडून आलेलं तेच बिघडलेलं जनुक असायची शक्यता वाढते, म्हणून अशा रोगांचं प्रमाण वाढतं. आतेमामे भावंडांत बाळाला काही ना काही जन्मजात दोष असायचा धोका २-३ टक्क्यांवरून ४-६ टक्क्यांपर्यंत जातो असं ढोबळ मानाने सांगतात. हे खरं आहे आणि नात्यात देऊ नये असं माझंही मत आहे. पण तुमच्या भाचीचा प्रकार त्यातला नही शे भो. जोडी सुटली नाही याचा नात्याशी संबंध नाही, दिल्ली-कलकत्त्याचं जोडपं असतं तरी झालं असतं.

आणि तुमच्या सोयरीकवाल्यांना सांगा की गुणसूत्रांची तपासणी सोडा, त्यापेक्षा मुलाची आणि मुलीची, दोघांची, हिमोग्लोबिनची एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्या. त्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे दोन्ही आजार कळतात. आमच्याकडे भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल जास्त आहे हे सगळ्यांना माहीत, पण ते फक्त आदिवासींत असतं हा गैरसमज काढून टाका, आणि थॅलेसेमियाचे वाहक तर सगळ्या समाजांत निघतात. एकटा वाहक निघाला तर काहीही बिघडत नाही, दोघे निघाले तरच विचार करायचा. लोक चार पिढ्यांचं गोत्र बघतात, पत्रिका बघतात, देण्याघेण्यावर रात्र रात्र बैठका करतात आणि हे एक रक्त तपासायला सांगितलं की पोरीचे वडील अंगावर येतात.

अजून एक. २५ टक्के म्हणजे चार पोरांतून एकाला, असा अर्थ आमच्याकडे घेतात. पहिल्याला झालं आता पुढचे तीन सुटले असं म्हणून दिवस राहू देतात. तसं नसतं, दर खेपेला हिशोब पहिल्यापासून. एका घरात मी लागोपाठची भावंडं आजारी बघितलीत आणि त्या आईला शेवटपर्यंत कोणी हे नीट सांगितलं नव्हतं.

केळीवाला_रावेर

विषय गंभीर आहे पण ताईंनी जोड्या सुटण्याचं लिहिलं तेव्हा आमच्या बागेचं आठवलं, म्हणून थोडं अवांतर. केळीच्या ट्रेनिंगला सांगितलं होतं की जंगली केळीत २२ गुणसूत्रं असतात, आपल्या खायच्या केळीत ३३, म्हणजे प्रत्येकाचे तीन तीन. तिघांची जोडी लागत नाही म्हणून बीजच धड तयार होत नाही, म्हणून केळीत बी नाही. म्हणूनच मुनवे लावा नाहीतर टिश्यूकल्चरची रोपं आणा. सगळी बाग म्हणजे एकाच झाडाच्या नकला, त्यामुळे रोग आला की एक झाड वाचत नाही, केळीचा मोझॅक हा विषाणूरोग आला तेव्हा आम्ही उभी बाग उपटून बांधावर टाकलीय. मग प्रश्न असा की केळीला तीन तीन चालतात तर माणसाला एक जास्तीचा का चालत नाही?

लॅबमधली_ताई

केळीत सगळ्यांचेच तीन आहेत, पूर्ण संच जास्त, त्यामुळे जनुकांचं आपसातलं प्रमाण तेच राहतं. झाडं असं बरंच सहन करतात. माणसात पूर्ण संच जास्तीचा आला तर गर्भ टिकत नाही, आणि एकच जास्तीचा आला तर त्यावरची सगळी जनुकं दीडपट काम करायला लागतात, बाकीची तेवढीच, म्हणून घोळ होतो. मोठ्या गुणसूत्रांचं असं झालं तर बाळ जन्मापर्यंत पोचतच नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात त्यातल्या साधारण निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचाच असा काहीतरी गोंधळ सापडतो. २१ नंबर हा आकाराने सगळ्यात लहान, त्यावर जनुकं कमी, म्हणून ही मुलं जगतात. खरं तर नंबर आकाराप्रमाणे दिलेत, त्या हिशोबाने याला २२ म्हणायला हवं होतं, पण नंबर पडले तेव्हा मोजमाप तितकं बारीक नव्हतं. माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हेच मुळी १९५६ ला पक्कं झालं, त्याआधी तीसेक वर्षं सगळे ४८ मानून चालले होते. आणि डाऊनमध्ये ती ४७ असतात हे लगेच १९५९ ला फ्रान्समध्ये सापडलं.

पारोळ्याचा_मामा

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री बहिणीला फोनवर वाचून दाखवलं, ती रडत होती पण मध्येच केळीचं ऐकून हसली. आता एक अडचण झाली. मेहुण्याने पण नेटवर वाचलं आणि तो म्हणतो की हा जास्तीचा २१ दहातल्या नऊ वेळा आईच्या बीजातूनच येतो असं लिहिलंय. म्हणजे आत्याचं म्हणणं शेवटी खरंच झालं ना? आता याला काय सांगू?

लॅबमधली_ताई

आकडा बरोबर आहे, लपवायचं कारण नाही. साधारण ९० टक्के वेळा ते आईकडचंच असतं. पण का ते तुमच्या मेहुण्याने वाचलेलं दिसत नाही.

पुरुषाचे शुक्राणू वयात आल्यापासून रोज नवीन तयार होतात, दोन-अडीच महिन्यांत एक खेप पूर्ण. बाईचं तसं नाही. तिची सगळी स्त्रीबीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात, जन्मताना दहा ते वीस लाख असतात. आणि ती तिथे अर्धवट विभाजनात थांबतात. जोड्या लागलेल्या आहेत, सुटायच्या बाकी आहेत, अशा स्थितीत ते बीज थांबून राहतं आणि ज्या महिन्यात बाहेर पडायचा नंबर लागतो त्या महिन्यात पुढचं काम सुरू होतं. म्हणजे तुमच्या बहिणीचं ते बीज २६ वर्षांपूर्वी तुमच्या आईच्या पोटात विभागायला निघालं होतं. इतकी वर्षं त्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं असतात, कोहेसिन म्हणतात, ती वयाबरोबर झिजतात आणि नवी फारशी भरली जात नाहीत. म्हणून वय वाढलं की चूक वाढते. विशीत साधारण दीड हजारात एक, ३५ ला साडेतीनशेत एक, ४० ला शंभरात एक. तरीही डाऊनची बहुतेक मुलं ३५ च्या आतल्या आयांनाच होतात, कारण मुळात बाळंतपणं त्याच वयात जास्त.

यात तिच्या रक्ताचा, घराण्याचा, वागण्याचा कुठे काय संबंध आला? बाईचं बीज निसर्गाने तसं ठेवलंय म्हणून चूक तिकडे जास्त होते, एवढंच. पुरुषाकडूनही होते, दहातल्या एखाद्या वेळी. आणि माहेरच्या रक्ताचंच म्हणायचं तर आत्याबाईंचं माहेर कोणतं हो? त्या तुमच्या वडिलांच्याच बहीण ना? दोष माहेरचा असेल तर तो त्यांच्याकडून मेहुण्यातही तेवढाच उतरला असणार. हे त्यांना तुम्ही नका सांगू, तुमच्या वडिलांना सांगू द्या.

पुढच्या मुलाचं: या प्रकारात परत होण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास धरतात, म्हणजे ९९ टक्के नाही. पण पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना हे सांगा, ११ ते १४ आठवड्यांत मानेमागच्या पाण्याची सोनोग्राफी आणि रक्ताची चाचणी होते. आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी एनआयपीटी दहाव्या आठवड्यानंतर करता येते, महाग आहे आणि तीही चाळणीच आहे. पक्कं कळतं ते गर्भजल किंवा वारेचा नमुना तपासूनच. मुलगा की मुलगी हे यातल्या कुठल्याही रिपोर्टात सांगत नाहीत, कायद्याने बंदी आहे, विचारूही नका.

तुम्हाला स्वतःला यामुळे इतरांपेक्षा जास्त धोका नाही, गुणसूत्रांची तपासणी करायची काही गरज नाही. चोपडेकरांना बाळाच्या रिपोर्टची झेरॉक्स द्या आणि म्हणावं कोणत्याही जेनेटिकवाल्या डॉक्टरला दाखवा. एचपीएलसी मात्र सातपुडावाले दादा म्हणतात तशी दोघांची करा.

ओवीची_आई

मी उशिरा बघितला हा धागा. माझ्या मुलीलाही हेच आहे, आता पाचवीत आहे, जळगावला असतो आम्ही. कोणाकडून आलं यावर आमच्याकडे पहिलं वर्ष वाया गेलं आणि हृदयाकडे कोणाचं लक्षच नव्हतं. मामा, बाळाचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला का? या मुलांमध्ये जवळपास निम्म्यांना हृदयाचा काहीतरी दोष असतो आणि वरून कळत नाही. थायरॉइड पण बघून घ्या आणि दर वर्षी बघत राहा. ऐकू येतं का, दिसतं का तेही.

सिव्हिल हॉस्पिटलला लहान मुलांसाठी डीईआयसी म्हणून विभाग असतो, तिथे फिजिओ, बोलण्याचं वगैरे मोफत करतात. आत्तापासून न्या, चालायला लागेल तेव्हा बघू असं करू नका. अंग ढिलं असतं म्हणून सगळं उशिरा होतं पण होतं. ओवी उशिराच चालायला लागली आणि आता कानबाईच्या मिरवणुकीत तिला आवरणं मुश्कील असतं.

पारोळ्याचा_मामा

इको झालाय ताई, बारीक छिद्र आहे म्हणाले, काही महिन्यांनी परत बोलावलंय. दूध अजून नीट ओढत नाही, चमच्याने देतोय, त्याचं काय करता येईल?

ओवीची_आई

चमच्याने दिलं तरी हरकत नाही, पण अंगावर लावणं सोडू नका. बाळाला आडवं न धरता जरा उभं धरायचं, आणि पाजताना आईने एका हाताने खालून हनुवटी आणि गालाला आधार द्यायचा, तोंड सैल असतं म्हणून दूध गळतं. थोडं थोडं जास्त वेळा द्या. पिताना घाम येत असेल किंवा धाप लागत असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा, ते हृदयाचं असू शकतं. आणि वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करून वहीत लिहून ठेवायला सांगा, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.